मार्च एंडचा साकुरा

बोईसरला नवापूर नाक्याजवळ एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र भरायचं. ते सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. काका तिथं पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही की नाव सांगितलं नाही. ते दारातच उकिडवे बसले आणि बाहेर पडलेल्या चपलांची एकेक जोडी उचलून तोंड रस्त्याकडे करून ठेवायला लागले. मला वाटलं, चप्पलचोर आहे आणि माप बघतोय. मी हटकलं, तर मान वर न करता म्हणाले, "जाताना वळावं लागत नाही, वाकावं लागत नाही. पाय सरकवला की झालं. तुमच्याकडे येणाऱ्यांच्या गुडघ्यांची वयं काय, जरा विचार करा."

माझा स्वभाव मुळात तिरसट. माझ्या हॉलमध्ये येऊन मलाच अक्कल शिकवणारा माणूस मला सहसा चालत नाही. पण त्या दिवशी सगळी मंडळी घरी जाताना दारात नेहमीची रेटारेटी झाली नाही, कुणी भिंतीला धरून हेलपाटलं नाही, हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. तेव्हापासून चपला त्यांच्याकडे लागल्या आणि हळूहळू हॉलसुद्धा.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासायचं काम केलं होतं. पंपांचे सुटे भाग. पास झालेला भाग पुढे जायचा आणि नापास भागावर काका लाल रंगाचा पट्टा ओढायचे. त्यांच्या हाताखालची माणसं म्हणायची, की सख्खा बाप समोर आणून ठेवला तरी हा आधी मोजेल आणि मग पट्टा ओढेल. निवृत्त झाले तरी मोजायचं वेड गेलं नव्हतं. शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असायचा. बाजारात चिकू घेताना तो काढून दोन चिकू मोजायचे आणि विकणाऱ्या बाईला म्हणायचे, "हे दोन्ही एकाच भावात? बघा बुवा." बाई दोन शिव्या हासडायची, काका वाकून नमस्कार करायचे आणि चिकू तिच्याच भावानं घ्यायचे. रिक्षावाल्यालाही ते असाच कमरेतून वाकून नमस्कार करायचे. एकदा एका नव्या रिक्षावाल्यानं घाबरून पैसेच घेतले नाहीत.

हे वाकणं, या चपला, सगळं जपानहून आलेलं, म्हणून मंडळी त्यांना जपानी काका म्हणायची. तरुणपणी कारखान्यानं त्यांना जपानला शिकायला पाठवलं होतं. दिवाळी आटोपली आणि निघाले. तिथलं गाव थंड, भाषा एक अक्षर कळत नाही, शनिवार-रविवारी करायचं काय हा प्रश्न. हॉस्टेलसमोर म्हाताऱ्या माणसांचं दिवसभराचं केंद्र होतं. आत मोठी शेगडी पेटलेली दिसायची. "खरं सांगू का, मी शेगडीसाठी आत गेलो," काका म्हणायचे. "त्यांना वाटलं, मी सेवा करायला आलोय. मग बसवलं मला त्यांच्यात."

तिथं दर शनिवारी प्रश्नांचा खेळ व्हायचा. फेब्रुवारी लागला की तिथल्या पंचांगात वसंत सुरू होतो, मग बाहेर बर्फ असला तरी सगळे प्रश्न वसंताचे. कुठला पक्षी आधी गातो, कुठली भाजी आधी उगवते, बाहुल्या कधी मांडायच्या. काकांना जी काही जपानी भाषा आली ती या खेळातून. त्यामुळे त्यांना बसचं तिकीट मागता यायचं नाही, पण वसंतात पहिल्यांदा गाणाऱ्या पक्ष्याचं नाव झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. उगुइसु. मला अजून पाठ आहे.

हाच खेळ काकांनी आमच्या हॉलमध्ये आणला. दर गुरुवारी. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर जाड अक्षरात प्रश्न लिहून आणायचे. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं, त्यातलं एक इतकं खुळचट की हसूच यावं. गुण नाहीत, बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. उत्तर बरोबर आलं की दोन्ही हात वर करून ओरडायचं, "सेईकाई!" म्हणजे बरोबर. आणि उत्तर चुकलं तर चूक म्हणायचं नाही. "ओशीई!" म्हणायचं, म्हणजे अगदी जवळ आलात, थोडक्यात हुकलं. मग आणखी एक खूण द्यायची, आणखी एक द्यायची, कुणीतरी बरोबर म्हणेपर्यंत.

जन्मभर लाल पट्टे ओढलेल्या माणसानं हा नियम काटेकोर पाळावा, याची मला गंमत वाटायची. एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पंप चुकीचा लागला तर पाणी गळतं. माणसाचं उत्तर चुकलं तर काय गळतं?" आमच्याकडे येणारी माणसं घरून काय ऐकून यायची ते मला माहीत होतं. बाबा, तसं नसतं. आई, तुला काही कळत नाही, तू गप्प बस. दिवसभर हे ऐकलेल्या माणसाला गुरुवारी कुणीतरी म्हणायचं, अगदी जवळ आलात. मी पाहिलंय, नुसत्या तेवढ्यावर माणसं ताठ बसायची.

सुरुवातीला गोंधळ पुष्कळ झाला. नवापूरच्या एक आजी यायच्या. हयातभर मासळी विकलेल्या, आवाज असा की हॉलला माइक नको. काकांनी पहिल्याच गुरुवारी विचारलं, "जपानात भाताचा गोड लाडू असतो. वसंतात त्याला बोतामोची म्हणतात. शरदात त्याच लाडवाला काय म्हणतात?"

आजी म्हणाल्या, "एका लाडवाला दोन नावं कशाला ओ? लाडू तोच ना?"

"तोच. पण फुलं बदलतात म्हणून नाव बदलतं."

"मग आमच्या घरच्यान मला लगीन झाल्यापासून एकच नावान हाक मारली, तो काय चुकला?"

काकांनी हात टेकले. "ओशीई!"

तेव्हापासून तो शब्द आजींनी उचलला तो कायमचा. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाला आता मासळी विकणारी त्यांची सून नुसतं नाही म्हणायची आणि मागे बसलेल्या आजी ओरडायच्या, "ओशीई!" गिऱ्हाईक बिचारं दचकून भाव वाढवायचं, असं त्या सांगायच्या. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

तीन मार्चच्या, मुलींच्या सणातल्या बाहुल्यांचा प्रश्न सगळ्यांना आवडला. सण संपला की मांडलेल्या बाहुल्या लगेच उचलून ठेवायच्या, नाहीतर काय होतं? उत्तर असं, की घरच्या मुलीचं लग्न लांबतं. आमच्यात एक निवृत्त हेडमास्तर होते, केळव्याकडचे, वाडीवाले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या नातीनं बाहुली मांडलेली नाही आणि उचललेलीही नाही. तरी पण लांबलंय." हॉल इतका हसला, की शेजारच्या दुकानदारानं काय झालं बघायला माणूस पाठवला.

काका खरे पेचात पडले ते बांबूच्या कोंबांवर. कोवळे कोंब कुठल्या ऋतूत खातात, असा प्रश्न होता. मनोरकडचे एक बाबा यायचे. डोंगरातली जमीन, पावसावरची शेती, आता मुलाकडे बोईसरला राहायला आलेले. ते खेळात फारसे बोलायचे नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा हात वर करून म्हणाले, "पावसात."

काका म्हणाले, "ओशीई!"

बाबा उठून उभे राहिले. "ओशी नाय. पावसातच येतात. मी तोडलेत, माझ्या आयनं शिजवलेत. तुमी काय सांगता?"

काकांच्या उत्तरात वसंत लिहिलेला होता आणि समोर एक माणूस स्वतःच्या आईची साक्ष काढत होता. काकांनी तो कागद गुंडाळून घेतला. पुढच्या गुरुवारी नवा आणला. त्यावर लिहिलं होतं: जपानात वसंत, मनोरला पावसाळा, दोन्ही सेईकाई. एका भागाची दोन मापं मान्य करायला त्यांना आठवडा लागला. त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा दोन्ही हात वर केले. ते पाहून मला भरून आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण सगळ्यांचा लाडका विषय साकुराच, म्हणजे जपानी चेरीचा बहर. साकुराच्या प्रश्नाशिवाय मंडळी गुरुवार संपवू द्यायची नाहीत. काका सांगायचे, की तो फुलतो तेव्हा झाडावर एक पान नसतं, नुसती फुलं. आठवडाभर टिकतात. लोक झाडाखाली चटया टाकून जेवायला बसतात आणि डब्यात पाकळी पडली तर काढत नाहीत, भाताबरोबर खातात. वारा आला की सगळी एकदम झडतात. आमची मंडळी तोंडं उघडी टाकून ऐकायची. आजी दर वेळी विचारायच्या, "मंग ती फुलं गोळा करून कोन काय करत नाय?" आणि काका म्हणायचे, "नाही. नुसतं बघतात." आजींना ते काही केल्या पटायचं नाही.

मी तिरसट असले तरी कान चांगले आहेत. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काकांची प्रत्येक जपानी गोष्ट 'मी'पासून सुरू व्हायची. मी शेगडीपाशी बसलो, मी वसंताच्या सणाचे भाजलेले बीन्स खाल्ले, मी बाहुल्या उचलायला मदत केली. साकुराच्या वेळी मात्र 'मी' कुठं नसायचा. तिथं लोक. तिथली माणसं. एकदा हॉलच्या भिंतीवर लावायला म्हणून मी त्यांच्याकडे साकुराखालचा त्यांचा फोटो मागितला. ते दोन गुरुवार टाळत राहिले. तिसऱ्या गुरुवारी सगळे गेल्यावर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"फोटो नाही," ते म्हणाले. "मी साकुरा पाहिलेलाच नाही."

मार्चच्या मध्यावर ते परत आले होते. झाडांवर कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. तिथली कंपनी म्हणत होती, आणखी थोडे दिवस राहा. पण इकडे बोईसरला मार्च एंड होता. वर्षाचा माल एकतीस तारखेच्या आत बाहेर काढायचा आणि तपासायला माणूस नाही. कुणी बोलावलं नव्हतं. काकांनी स्वतःच तिकीट अलीकडचं करून घेतलं. शेवटच्या शनिवारी त्या केंद्रातली म्हातारी माणसं त्यांना खुणा करून सांगत होती, अजून थोडंच थांब. काकांनी सांगितलं, मार्च एंड. तिथंही वर्ष मार्चलाच संपतं. कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा ते ऐकून हसला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, नोकरीत होतो तोवर मीही कधी नीट पाहिला नाही. आता बघतोय.

"मला वाटलं, फूलच आहे," काका म्हणाले. "दर वर्षी येतं. पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप आलीच नाही. त्या कंपनीशी करार संपला, मुलं शिकली, बायको गेली, गुडघे गेले.

"मग सांगून टाका ना सगळ्यांना," मी म्हणाले. "त्यात काय एवढं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी नापास मालावर सही मागतेय. "एक पीस खराब निघाला की सगळा लॉट परत जातो. साकुरा पाहिला नाही म्हटल्यावर बाकीचं तरी कोण खरं मानील? लाडू, बाहुल्या, काहीच राहणार नाही. आणि ही माणसं गुरुवारी कशासाठी येणार?"

तेही खरंच होतं. आमच्याकडे सोमवारी भजन असायचं आणि बुधवारी रक्तदाब तपासणी. दोन्हीला अर्धा हॉल रिकामा. गुरुवारी मात्र बाहेरून खुर्च्या मागवाव्या लागायच्या. काकांनाही दुसरा गुरुवार नव्हता. घरी ते एकटेच असायचे.

पुढच्याच वसंतात गुरुजींनी घोळ घातला. त्यांची सून एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होती आणि तिथं एक जपानी साहेब आलेले होते. गुरुजींनी सुनेकरवी त्यांना गुरुवारच्या खेळाचं आमंत्रण देऊन टाकलं. मग हॉलमध्ये जाहीर केलं, "काकांना आता खराखुरा जोडीदार मिळणार." टाळ्या झाल्या. काकांनीही वाजवल्या. मी बाजूला घेऊन म्हटलं, "त्या दिवशी ताप येऊ दे तुम्हाला. बाकी मी बघते."

"मी कधी रजा घेतली नाही," काका म्हणाले.

त्या गुरुवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. आजींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकं करून आणलं होतं. गुरुजींच्या वाडीतली केळी होती. पाहुणे आले, चाळिशीचे, लाजाळू. त्यांना मराठी येत नव्हती आणि इंग्रजीही बेताचीच. पण कारखान्यातल्या कामगारांच्या संगतीत हिंदी मात्र झकास आली होती. आल्या आल्या म्हणाले, "नमस्ते, गर्मी बहुत है ना?" आजींनी त्यांना तिथंच दत्तक घेतलं.

खेळ सुरू झाला. काका प्रश्न विचारत होते, मी हिंदीत सांगत होते. पाहुण्यांना बांबूचे कोंब विचारले. ते म्हणाले, "वसंत." सगळा हॉल मनोरच्या बाबांकडे बघायला लागला. बाबा मोठ्या मनानं म्हणाले, "त्यांचं पन बरोबर हाय." पाहुण्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी वाकून नमस्कार केला. मला वाटलं, निभावलं.

मग गुरुजी उभे राहिले. "आता साकुरा. दोघांनी आपापला सांगायचा. आधी काका. तुम्ही पहिला साकुरा पाहिला तो कुठं, कसा, हे आज आम्हाला ऐकायचंय."

काकांना नेहमीसारखं 'तिथं लोक' म्हणून सुटता आलं असतं. मी त्यांच्याकडे डोळे वटारून तेच सांगत होते. ते खिशातला कॅलिपर चाचपत उभे राहिले. मग म्हणाले, "मी साकुरा पाहिलेला नाही. कळ्या पाहिल्या. मग मार्च एंड आला आणि मी परत आलो. जे सांगितलं ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं."

गुरुजी उभेच होते. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..." त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं चुकलंय असंही म्हणता येईना. पाहुणे माझ्याकडे वळले, "क्या हुआ?" मी म्हटलं, "इन्होंने साकुरा नहीं देखा. मार्च एंड था."

पाहुण्यांनी काकांकडे पाहिलं. मग मान हलवली. "मेरा भी," ते म्हणाले. "जब से बोईसर आया, नहीं देखा. मार्च एंड." आणि ओशाळं हसले.

काका कागद गोळा करायला लागले होते. एकावर एक, कडा जुळवून. तेवढ्यात आजींचा आवाज आला. "ओ जपानी काका. तुमी खरंच नाय बगितलं?"

"नाही, आजी."

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

"आगं बाय माझे," आजी कळवळून म्हणाल्या. "मंग ते कागद ठेवा आनी बसा हितं. बसा म्हनते ना. आमाला सगलं ठावं हाय. आमी सांगतो तुमाला."

काका बसले. समोरच्या खुर्चीवर, जिथं बाकीचे बसायचे. मनोरचे बाबा आधी बोलले, "पान एक पन नसतं. आपला पांगारा कसा फुलतो, तसंच. फक्त रंग फिका." काका ऐकत होते. मागून कुणी म्हणालं, सकाळी बघायचं, तेव्हा जास्त पांढरं दिसतं. दुसरं कुणी म्हणालं, खाली चटई टाकायची पण खोडाला टेकायचं नाही. यातलं अर्धं काकांनी कधी सांगितलेलंच नव्हतं. माणसांनी ते गुरुवारी घरी नेलं होतं आणि आपापल्या अंगणात वाढवलं होतं. मग गुरुजी घसा साफ करून शाळेतल्यासारखे म्हणाले, "आणि डब्यात पाकळी पडली, तर काढायची नाही."

"ते तर झालंच," आजी म्हणाल्या. "आनी वारा आला ना, का पान्यावर जाऊन पडतं. फेस कसा पसरतो किनाऱ्याला, तसं. सगली खाडी भरून. बगत ऱ्हावं नुसतं." गोळा करून काय करतात, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

खरा साकुरा पाहिलेला माणूस शेजारीच बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि तोही मध्ये बोलला नाही. माझं भाषांतर केव्हाच थांबलं होतं, तरी तो आजींच्या हातांकडे बघत मान हलवत होता.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. त्या हॉलमध्ये व्यायामशाळा निघाली. मला त्यांची आठवण येते ती तपासनीस म्हणून नाही की जपानी काका म्हणूनही नाही. त्या दुपारी ते खुर्चीच्या टोकावर पुढे सरकून, चष्मा काढून बसले होते, तसेच दिसतात. खूप वेळानं त्यांनी आजींना विचारलं, अगदी हलक्या आवाजात, उत्तर माहीत नसलेल्या माणसासारखं.

"इतकी फुलं एकदम पडतात, तर आवाज होतो का हो?"

आजींनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "नाय ओ. काय आवाज नाय. गपचीप पडतात."

काकांनी मान डोलावली. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."